सोजरबाईनं सोडलेला गहू

योगिनीनं ज्वारीचा डबा चक्कीच्या ओट्यावर ठेवला, पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

"भाऊ, माझी ज्वारी सगळ्यांच्या आधी दळून द्याल का? आणि त्याआधी दगड जरा झाडून घ्याल? आत कालचं गव्हाचं पीठ असतं ना, म्हणून."

भाऊसिंग चक्कीवाला पट्टा चढवत होता. त्याचे हात थांबले. ओट्याखाली डबे घेऊन बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. रिसोडमध्ये एक वेळ कोणाच्या वावराचा तुकडा मागावा, पण चक्कीवरचा नंबर मागू नये.

"काहून, बाई?" भाऊसिंग म्हणाला. "गव्हानं काय घोडं मारलं तुमचं?"

"अन् आमी काय इथं माश्या मारून राह्यलो?" रांगेतून आवाज आला.

उत्तर योगिनीच्या ओठांवर होतं. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी तिच्या आतड्याला आतून इजा होते, डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक नावही दिलंय, आणि ते जन्मभराचं आहे. पण ते नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे नेमकं होतं काय? आणि त्या प्रश्नाचं उत्तर थेट संडासात जाऊन पोचतं. पस्तिशीच्या आतबाहेरच्या, नीटनेटकी साडी नेसून बँकेत जाणाऱ्या बाईनं ते चारचौघींत कसं सांगावं? नाशिकला एकदा सांगून झालं होतं. लग्न ठरलेलं, साड्या घेऊन झालेल्या, आणि हिनं भाबडेपणानं होणाऱ्या सासूला सगळं उघड करून सांगितलं. सासू गोड हसली, चहा पाजला, आणि आठवड्याभरात निरोप आला. नंतर भावकीत जिथं जावं तिथं बायका तिच्या पोटाकडं बघायच्या. तेव्हापासून तिनं त्या नावाला तोंडातच कुलूप घातलं. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा तर ती खूशच झाली. इतक्या लांब कोण ओळखणार होतं?

ओळखणारं कोणी नव्हतं हे खरं, पण खायलाही काही नव्हतं. आल्यापासून तिनं गाव पालथं घातलं होतं. एका दुकानात बिस्किटं मागितली, गहू नसलेली द्या म्हणाली, तर दुकानदार मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "गहू नोको ना? मंग मैद्याचे घेऊन जा." हॉटेलात विचारलं तर मालकानं छातीवर हात ठेवला, "देवाशपथ ताई, गहू बिलकूल नाही, निव्वळ रवा हाय." तिसऱ्यानं ज्वारीची भाकर केली खरी, पण थापताना परातीत गव्हाचं पीठ भुरभुरलं, तिच्या डोळ्यांदेखत. बँकेतल्या शिपायानं सांगितलं की कारंज्याला मोठमोठे व्यापारी आहेत, तिथं काय मागाल ते मिळते. गेली बिचारी एका रविवारी एसटीनं. परत आली ती खडा हिंग घेऊन, कारण डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं. त्याच आठवड्यात भूक अनावर होऊन तिनं हिंगाचा विचार न करता स्टँडवर शेवभाजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत दर अर्ध्या तासाला जागेवरून उठली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ते तिनं ऐकलं होतं.

म्हणून ती आज चक्कीवर गप्प उभी होती. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी उठली. काटक, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण.

"अवं, गहू सोडला का तुमी देवाले?" तिनं विचारलं. "नवस हाय का?"

खरं सांगायचं तर योगिनी खोटं बोललीच नाही. तिनं फक्त मान हलवली.

आणि काय सांगावं! चक्कीचं देऊळ झालं. भाऊसिंगनं पट्टा काढून ठेवला, वरचा दगड मोकळा केला, फडक्यानं पुसला, कुंच्यानं झाडला. पहिली ओंजळभर ज्वारी दळून ते पीठ त्यानं गाईसाठी बाजूला काढलं आणि मगच तिचा डबा घेतला. मघाशी माश्यांची गोष्ट काढणारी बाई उठून तिला बसायला जागा देऊ लागली. म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

"कायचा नवस, ते सांगू नोका कोनाले," ती म्हणाली. "सांगतलं की पावत नाही."

ती सोजरबाई. तिच्या घराची पुढची खोली रिकामी होती. मुलगा-सून पुण्याकडं कामाला गेलेले, घरात ती आणि नात. श्रावण लागता लागता योगिनी लॉजवरून तिथं राहायला आली.

खाण्याचा प्रश्न असा सुटला की विचारू नका. सोजरबाईनं नवी परात आणली, नवा तवा आणला, आणि त्यांना गव्हाचा हात लागू दिला नाही. स्टँडजवळच्या हिरीबाईनं तिच्या खानावळीत "नवसवाल्या ताईचं" पातेलं वेगळं मांडलं. किराणावाला तांदूळ देताना पोत्याला हात लावायच्या आधी हात धुवायचा. रोगापायी जे कोणी कधी केलं नसतं, ते देवापायी अख्खं गाव करत होतं. गौरीत गल्लीतल्या बायकांनी, लग्न झालेलं नसूनही नवसवाली म्हणून, तिला बोलावून ओटी भरली, तीही गव्हाऐवजी तांदळाची, आणि एक नवी नवरी तिच्या पाया पडायला वाकली. योगिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मागं सरकली. बायका म्हणाल्या, पाहा, किती साधी हाय.

एवढंच असतं तर ती लाज तिनं पचवली असती. पोट भरत होतं, दुखत नव्हतं, आणि खोट्यानं कोणाचं नुकसानही होत नव्हतं. पण घरात प्रांजू होती.

प्रांजू सोजरबाईची नात. सात वर्षांची, दिसायची चारेक वर्षांची. हातपाय काड्या, आणि त्या काड्यांवर नगाऱ्यासारखं तट्ट पोट. केस पिंजलेले, ओठ पांढरे. राहायला आली त्या पहिल्या संध्याकाळी योगिनीनं तिला अंगणात पाहिलं. पोरगी खेळता खेळता उठली, पोट धरून न्हाणीमागं पळाली, बऱ्याच वेळानं आली आणि भिंतीला टेकून बसली. योगिनीच्या हातातली बॅग हातातच राहिली. आईच्या कपाटात तिचा स्वतःचा असाच एक फोटो होता, पोट पुढं काढून उभी असतानाचा. आई तो कोणाला दाखवत नसे.

"जंताचं औषीद देलं, टॉनिक देलं, अंगारा झाला," सोजरबाई सांगायची. "खाल्लेलं अंगीच लागत नाही पोरीच्या. घरचा गहू हाय, दुधात पोयी कुस्करून देतो, शिरा देतो. कायची कमी हाय, सांगा बरं?"

"भाकर देऊन बघा ना तिला काही दिवस," योगिनी एकदा म्हणाली. आवाज असा की हवामानाबद्दल बोलते आहे.

"भाकर?" सोजरबाईला ते पटलंच नाही. "अवं माय, अगोदरच अशक्त लेकरू, त्याले भाकर कायले देऊ? तिचे मायबाप तिकडं राबून राह्यले ते काय लेकीनं भाकर खावी म्हून?"

इथं योगिनीनं बोलायचं होतं. तिला कळत होतं की इथंच बोलायचं आहे. पण बोलली तर पुढचा प्रश्न येणार, तुमाले कसं ठाऊक? आणि मग चक्की, परात, तांदळाची ओटी, पाया पडलेली नवरी, सगळं एकदम अंगावर येणार. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग गणपती झाले, मग पितृपंधरवडा झाला, मग सोयाबीन काढायची घाई आली आणि सोजरबाई दिवसभर वावरात. चांगल्या गोष्टीला मुहूर्त मिळत नाही म्हणतात, तो असा. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून पोरीचं कण्हणं ऐकू यायचं आणि योगिनी मोबाइलचा आवाज थोडा वाढवायची.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी सोजरबाईनं तीन ताटं वाढली. दोनांत भाकर. तिसऱ्यात, प्रांजूच्या ताटात, पोळ्यांची चळत.

"तुम्ही आज भाकर कशी?" योगिनीनं विचारलं. सोजरबाईला पोळी आवडायची, दात कमी झाल्यापासून तर भाकर चावतच नसे.

सोजरबाई लाजली. म्हातारी माणसं लाजली की लहान दिसतात, तशी ती दिसली.

"म्या बी सोडला गहू," ती म्हणाली. "प्रांजूसाठी. पोरगी बरी होईस्तोवर तोंडात घालीन नाही, असा शब्द देला देवाले. तुमचं पाहून सुचलं, बाई. इतकी शिकेल सवरेल बाई इतकं कडक पाळते, अन् मी आजी असून हातावर हात धरून बसलो." मग तिनं प्रांजूच्या ताटाकडं बोट दाखवलं. "माह्या वाट्याच्या पोया आता तिलेच देतो. तेवढंच बळ येईन."

समोर ती पोरगी आजीच्या वाट्याचीही पोळी मुकाट्यानं खात होती आणि तिची आजी बोळक्या तोंडानं भाकर चघळत होती, आणि ह्या दोघींच्या मध्ये बसून आपण पोटभर जेवतो आहोत, हे योगिनीला दिसलं. तरीसुद्धा त्या रात्री ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक म्हणतात, लाज माणसाला वळण लावते. हिला तर तिनं खांबाला बांधून ठेवलं होतं.

पंधरवडा गेला असेल. प्रांजू सकाळी शाळेत चक्कर येऊन पडली. मास्तरांनी मोटारसायकलवर घरी आणून सोडली. सोजरबाईनं तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि गरम दुधात पोळी कुस्करून वाटी पुढं केली.

योगिनी बँकेत जायला निघाली होती. पायात एक चप्पल. ती तशीच आत आली आणि तिनं पोरीच्या हातातली वाटी ओढून घेतली. दूध तिच्या साडीवर सांडलं.

"अवं! लेकराच्या तोंडचा घास काढता?" सोजरबाई ताडकन उठली. "याड लागलं का?"

"माझा नवस नाही, आजी," योगिनी म्हणाली.

"काय?"

"कसलाच नवस नाही. मला आजार आहे. गहू खाल्ला की मला हगवण लागते." तिनं तोच शब्द वापरला. दुसरा गुळगुळीत शब्द त्या वेळी सापडलाच नाही. "अंगाला काही लागत नाही, रक्त होत नाही. लहानपणी मी अशीच होते, अगदी अशीच. मला वाटतं प्रांजूला तेच आहे. हा गहूच तिला मारतोय."

सोजरबाई खाली बसली. प्रांजू एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती.

"मंग चक्कीवर..." सोजरबाई म्हणाली आणि तिचं तिलाच आठवलं. "तुमी कुठं बोलल्या व्हत्या? म्याच तर इचारलं, नवस हाय का म्हून. म्याच तुमच्या तोंडात घातलं."

आता बोला! शिव्या घातल्या असत्या, घर खाली करा म्हणाली असती, तरी योगिनीनं ते मान खाली घालून ऐकलं असतं. म्हातारीनं दोष उचलून आपल्याच पदरात घेतला, आणि योगिनीनं तो घेऊ दिला.

"इलाज हाय का?"

"आहे. गहू बंद. तेवढाच इलाज. पण आधी अकोल्याला जाऊन तपासावं लागेल."

"मंग फेकतो ते दूध." सोजरबाईनं वाटीकडं हात नेला.

"नाही," योगिनी म्हणाली. हे सांगताना तिला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. "तपासणी होईपर्यंत तिला गहू खावाच लागेल. बंद केला तर तपासणीत दिसत नाही."

सोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं. "हे इख हाय म्हन्ता. अन् मीच चारू?"

"थोडे दिवस."

सोजरबाईनं वाटी घेतली. पोरीला मांडीवर ओढलं आणि एकेक घास भरवू लागली. दर घासाला तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की पोरीची माफी मागत होती, कोण जाणे. योगिनी साडीवरचं दूध न पुसता बँकेत गेली.

अकोल्याच्या चार खेपा झाल्या. रक्त झालं, दुर्बीण झाली, मध्ये सोजरबाईनं देवळातला अंगाराही लावला. प्रत्येक खेपेला योगिनीनं रजा टाकली. बँकेत कारण विचारलं तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं, आजाराच्या नावासकट. कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, माझ्या मेव्हण्याच्या पोरीला पण असंच काहीसं आहे. इतकं सोपं होतं. घरी येऊन ती त्या इतक्या सोपं असण्यावरच रडली.

शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद समोर मांडले.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "आजपासून गहू, रवा, मैदा, सगळं बंद. पोरगी सुधारेल, काळजी करू नका. हाडं जरा कच्ची राहिलीत, उंची मागं पडलीय. थोडी आधी आली असती, सहा महिने जरी आधी, तरी बरं झालं असतं. पण ठीक आहे. ओळखलं कोणी?"

"ह्या बाईनं," सोजरबाई म्हणाली. तिनं योगिनीचा दंड धरून तिला पुढं केलं. "आमच्या घरी राह्यते. देवानंच धाडलं."

डॉक्टरीणबाई कौतुकानं हसल्या. योगिनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिली.

"अन् माहा गहू?" सोजरबाईनं डॉक्टरांना विचारलं. "म्या बी सोडला हाय."

"तुम्ही खा ना, आजी. तुम्हाला काही नाही झालेलं."

"तसं नाही. बरी होईस्तोवर म्हटलं व्हतं. देवाजवळचा शब्द असा मोडता येत नसते," ती म्हणाली आणि कागद पिशवीत घालू लागली.

परतीच्या एसटीत तिघींना एकच बाकडं मिळालं. प्रांजूनं आजीच्या मांडीवर डोकं टाकलं, योगिनीच्या मांडीवर पाय पसरले आणि पातूर यायच्या आत ती झोपली. तिचे पाय गार होते. योगिनीनं ते तळव्यांत धरून ठेवले. किती तरी महिन्यांनी तिला बरं वाटत होतं. झालं ते झालं, पोरगी आता सुधारेल, आपल्या हातून अखेर एक चांगलं काम झालं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि जवळजवळ पटतही आलं होतं.

मालेगाव मागं पडलं. सोजरबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. श्रावण, भादवा, असं पुटपुटणं ऐकू आलं.

"मले एक सांगा, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी आमच्या घरी राह्यले आल्या, तवाच वळखलं व्हतं का?"

उत्तर तयार होतं. आत्ताआत्ता लक्षात आलं, ती शाळेत पडली त्या दिवशी. कोणाला कळणार होतं? म्हातारीलाही तेच ऐकायचं असावं, तशीच ती बघत होती, आशेनं.

"हो," योगिनी म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी."

सोजरबाईनं मान हलवली. मग, पोरीची झोप मोडू नये अशा बेतानं, तिनं प्रांजूचे दोन्ही पाय योगिनीच्या हातांतून सोडवले, गुडघ्यांत दुमडून आपल्या मांडीवर घेतले आणि त्यांच्यावर पदर ओढला.